मुलांच्या टॉन्सिलचे ऑपरेशन : केव्हा करावे, केव्हा थांबावे?

पावसाळा सरून थंडी पडू लागली की येवल्यातल्या दवाखान्यांच्या बाकांवर आईच्या मांडीवर मान टाकून बसलेली मुले दिसू लागतात. ताप, घसादुखी, गिळता येत नाही, रात्री झोप नाही. डॉक्टर जिभेवर पट्टी दाबतात, बॅटरीचा उजेड टाकतात आणि सांगतात, "टॉन्सिल वाढलेत." या एका वाक्याची घरी आल्यावर चार वाक्ये होतात. आजी म्हणते, पडजीभ पडली असेल, दाबून आणा. शेजारीण म्हणते, माझ्या भाच्याचे काढले, तेव्हापासून ठणठणीत आहे. चुलता म्हणतो, कापाकापी नको, पोराचा आवाज जाईल. आणि बाप मनातल्या मनात ऑपरेशनचा खर्च, बुडणारी मजुरी आणि उसने कोणाकडून आणायचे याचा हिशेब मांडू लागतो.

हा हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. टॉन्सिल मोठे दिसतात, एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही. मुलाचा झोपेत श्वास अडतो का, त्याला ऐकू कमी येते का आणि वर्षातून किती वेळा त्याचा घसा खरोखर पिकतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते. गरज नसताना ऑपरेशन केले तर घर कर्जात जाते आणि मुलाला विनाकारण धोका पत्करावा लागतो. गरज असताना टाळले तर मुलाची झोप, वाढ आणि शाळा यांचे नुकसान होते. दोन्ही नुकसानी टाळायच्या तर आईबापांनी थोडी माहिती करून घ्यायला हवी.

या गाठी कशासाठी असतात?

मुलाला "आ" करायला सांगितले की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दोन मांसल गोळे दिसतात. हेच टॉन्सिल. त्याच जातीची आणखी एक गाठ नाकाच्या मागे, टाळूच्या वर असते. तिला अॅडिनॉइड म्हणतात. ती तोंडातून दिसत नाही. म्हणूनच ती वाढली तरी पुष्कळदा आईबापांच्या लक्षात येत नाही.

नाकातोंडावाटे आत शिरणारे जंतू अडवणे आणि त्यांची ओळख शरीराला करून देणे, हे या गाठींचे काम. गावच्या वेशीवरची चौकीच म्हणा ना. लहान मुलाला अंगणवाडीत, शाळेत रोज नवे जंतू भेटतात. त्यामुळे या चौकीवर काम जास्त आणि गाठीही मोठ्या. अॅडिनॉइड साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सर्वांत मोठी असते. टॉन्सिलही पहिली-दुसरीच्या वयात मोठे दिसतात. मूल वयात येऊ लागले की दोन्ही आपोआप आक्रसतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल मोठे असणे हा पुष्कळदा रोग नसतोच, ती वाढीची रीत असते.

सरसकट काढण्याचा काळ

एके काळी मोठ्या देशांतही टॉन्सिल सरसकट काढले जात. १९३४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक पाहणी आजही डॉक्टरांना सांगितली जाते. न्यूयॉर्क शहरातील अकरा वर्षांची १००० शाळकरी मुले घेतली. त्यांतल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांचे काढावेत असे सांगितले. ज्यांना "गरज नाही" म्हटले होते ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी त्यांतल्या ९९ जणांना ऑपरेशन सुचवले. उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तर आणखी ५१ जणांना ऑपरेशन सांगितले गेले. शेवटी १००० मुलांतून फक्त ६५ मुले अशी उरली, की ज्यांना कोणीच ऑपरेशन सुचवले नव्हते!

१९३८ साली इंग्लंडमध्ये डॉ. ग्लोव्हर यांनी शाळकरी मुलांच्या ऑपरेशनांचे आकडे तपासले. तिथे एका भागात खूप ऑपरेशने होत, तर शेजारच्या भागात अगदी थोडी. सुखवस्तू घरांतल्या मुलांत तर ती अधिक होत. आजाराच्या प्रमाणाशी त्याचा काही मेळ बसत नव्हता. म्हणजे ऑपरेशन मुलाच्या दुखण्यावरून कमी आणि डॉक्टरांच्या सवयीवरून जास्त ठरत होते. या अनुभवातून पुढे नियम तयार झाले. ते समजायला अवघड नाहीत.

पहिले कारण : झोपेत अडणारा श्वास

आज मुलांच्या टॉन्सिल-अॅडिनॉइडच्या ऑपरेशनचे एक मोठे कारण हेच आहे, पण आपल्याकडे त्याची चर्चा सर्वांत कमी होते. कारण मूल घोरते याचे आपल्याला कौतुकच वाटते. "बापावर गेलाय," म्हणून घरचे हसतात.

सर्दीत दोन-चार दिवस घोरणे वेगळे. पण जे मूल सर्दी नसतानाही बहुतेक रात्री मोठ्याने घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते, त्याच्याकडे नीट पाहावे. घोरता घोरता मध्येच आवाज थांबतो का? छाती वरखाली होते, पण हवा आत जात नाही, असे दिसते का? मग एकदम दचकून, धाप लागल्यासारखा श्वास घेते का? मान मागे टाकून, विचित्र कुशीवर झोपते का? थंडीतही घामाने भिजते का? अंथरूण ओले करणे थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले का? ही लक्षणे असतील तर वाढलेल्या गाठी झोपेत श्वासाची वाट अडवत आहेत, असा संशय घ्यावा.

मोठ्या माणसाची झोप अपुरी झाली तर तो पेंगतो. मुलाचे तसे नसते. ते दिवसा चिडचिड करते, एका जागी बसत नाही, अभ्यासात त्याचे मन लागत नाही. घरात आणि शाळेत त्याला द्वाड ठरवून मार दिला जातो. काही मुलांचे वजनही वाढत नाही. आई म्हणते, "खातो पण अंगाला लागत नाही." रात्रभर श्वासासाठी झगडणाऱ्या शरीराला वाढायला उसंत कुठून मिळणार? आजार फार वाढून तसाच राहिला तर हृदयावरही ताण येतो.

अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या, झोपेत श्वास अडणाऱ्या ४६४ मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांचे लवकर ऑपरेशन केले, निम्म्यांना थांबवून लक्ष ठेवले. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी शंभरातील ७९ मुलांची झोपेची तपासणी ठीक आली. थांबलेल्यांपैकी शंभरातील ४६ मुलांची तपासणीही आपोआप ठीक झाली. यातून दोन गोष्टी कळतात. ऑपरेशनचा फायदा स्पष्ट आहे, झोप आणि वागणूकही सुधारते. पण त्रास सौम्य असेल तर काही महिने थांबून पाहणे चुकीचे नाही. मात्र ज्यांचा प्राणवायू झोपेत फार खाली जात होता, अशी मुले त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. तशा मुलांच्या बाबतीत थांबणे योग्य नाही.

माता-भगिनींनो, एक सोपे काम करा. मागाच्या खोलीत किंवा एका खोलीच्या घरात सारे कुटुंब जवळजवळ झोपते. तेव्हा मुलाचा श्वास आपल्याला ऐकू येतोच. एका रात्री मुलाच्या छातीवरचे पांघरूण बाजूला करून दोन-तीन मिनिटे मोबाईलवर चित्रीकरण करा आणि ते डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात मूल जागे असते, तिथे हे काहीच दिसत नाही.

दुसरे कारण : वारंवार पिकणारा घसा

"याचा घसा सारखाच दुखतो" हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात. पण 'सारखा' म्हणजे किती? यासाठी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील डॉ. पॅराडाइज यांच्या अभ्यासावरून आलेला हिशेब जगभर वापरला जातो. गेल्या एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घसा पिकला असेल तर ऑपरेशनचा विचार करावा.

यात साधी खवखव धरायची नाही. प्रत्येक वेळी घसादुखीबरोबर यांपैकी एक तरी गोष्ट हवी : १०१ अंशांच्या वर ताप, मानेला सुजलेल्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, किंवा तपासणीत सापडलेला स्ट्रेप्टोकॉकस जंतू. नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, अशी घसादुखी बहुधा विषाणूंची असते. ती चार-सहा दिवसांत आपोआप बरी होते. तिला अँटिबायोटिकही लागत नाही आणि ऑपरेशनचा तर प्रश्नच नाही.

याच डॉ. पॅराडाइज यांनी १९७८ साली एक गंमतीची, पण महत्त्वाची गोष्ट दाखवली. ज्यांच्या आईबापांनी "घसा सारखा पिकतो" असे सांगितले होते, पण ज्यांची कुठे नोंद नव्हती, अशा ६५ मुलांवर पुढे नीट लक्ष ठेवले. सांगितल्याप्रमाणे घसा खरोखर वारंवार पिकला तो फक्त ११ मुलांचा. आईबाप खोटे बोलत नव्हते. आजारी मुलाच्या उशाशी काढलेली एक रात्र दहा रात्रींसारखी लक्षात राहते, म्हणून मोजणी चुकते.

म्हणून वही ठेवा. शाळेची जुनी वही चालेल. तारीख, ताप किती, गिळायला त्रास होता का, खोकला-सर्दी होती का, डॉक्टरांनी काय औषध दिले, शाळा किती दिवस बुडाली, एवढेच लिहायचे. आईला लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीने लिहावे. दवाखान्याची चिठ्ठी टाकून न देता त्याच वहीत ठेवावी. ही वही घेऊन गेलेल्या आईचे म्हणणे कोणताही चांगला डॉक्टर गंभीरपणे ऐकेल.

ज्यांचा हिशेब वरच्या नियमात बसतो, त्यांना ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षे घशाचा त्रास स्पष्टपणे कमी होतो. पुढे फरक कमी होत जातो, कारण ऑपरेशन न केलेल्या मुलांचा त्रासही वयाबरोबर उतरतो. ज्यांचा हिशेब बसत नाही त्यांनी बारा महिने थांबून, वही लिहून, मग ठरवावे.

तिसरे कारण : न दुखणारा, पण बंद पडणारा कान

नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. कानाच्या पडद्यामागे हवा खेळती ठेवणे हे तिचे काम. अॅडिनॉइड वाढली किंवा सारखी सुजलेली राहिली की नळीचे तोंड अडते आणि पडद्यामागे घट्ट, चिकट पाणी साठते. कान दुखत नाही, वाहत नाही. फक्त ऐकू कमी येते, भिंतीपलीकडून कोणी बोलावे तसे. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ सालीच या गाठीचा नाक आणि कान यांच्याशी असलेला संबंध मांडला होता.

आता वर्गात काय होते ते पाहा. साठ मुलांचा वर्ग. आपले मूल मागच्या बाकावर. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. मुलाला निम्मे शब्द कळतात, निम्मे कळत नाहीत. हाक मारली तर ओ देत नाही. शुद्धलेखनात एका अक्षराच्या जागी दुसरे लिहिते. वर्षभरात त्याच्यावर शिक्का बसतो : मठ्ठ. घरी कोणी शिकलेले नसेल तर हा शिक्का खोडून काढणाराही कोणी नसतो. मूल स्वतःसुद्धा त्यावर विश्वास ठेवू लागते. ज्या घरातली पहिलीच पिढी शाळेची पायरी चढली आहे, त्या घराला हे नुकसान परवडणारे नाही. मुलाच्या बुद्धीवर शिक्का मारण्याआधी त्याचे कान तपासले पाहिजेत.

घरच्या घरी परीक्षा अशी करावी. मूल खेळात असताना त्याच्या मागे चार-पाच हातांवर उभे राहून, हळू आवाजात त्याच्या आवडीचे काही बोलावे. ते वळून पाहते का? टीव्हीचा आवाज सारखा वाढवते का? बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते का? शंका आली तर कानाची तपासणी करून घ्यावी.

पडद्यामागचे हे पाणी पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप सुकते. म्हणून लगेच ऑपरेशन करत नाहीत. तीन महिन्यांनंतरही पाणी राहिले, ऐकणे कमीच असले, तर पडद्यात बारीक नळी बसवणे, आणि मूल चार वर्षांचे किंवा मोठे असेल तर अॅडिनॉइड काढणे, याचा विचार होतो. त्यासाठी टॉन्सिल काढायची गरज नसते. दरम्यान शिक्षकांना सांगून मुलाला पहिल्या बाकावर बसवावे. कानात तेल, रस, काडी काहीही घालू नये.

आणखी काही कारणे

टॉन्सिलच्या बाजूला पू साठून मोठे गळू होते. मुलाला तोंड उघडता येत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा येतो. ही तातडीची अवस्था आहे, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. असे गळू पुन्हा पुन्हा झाले तर टॉन्सिल काढतात. एकाच बाजूचा टॉन्सिल झपाट्याने वाढत असेल तर तो काढून तपासणीला पाठवावा लागतो. असे क्वचितच घडते, पण त्यात उशीर करू नये. नाक कायम बंद, सतत तोंडाने श्वास, बोलणे नाकात अडकल्यासारखे, आणि औषधांनी उतार नाही, अशा वेळी केवळ अॅडिनॉइड काढण्याचा निर्णय होतो.

ही मात्र कारणे नव्हेत

मूल जेवत नाही, बारीक आहे, सारखी सर्दी होते, खोकला आहे, बोलायला उशिरा लागले, एवढ्यावरून टॉन्सिल काढू नयेत. श्वास अडत नाही, कान ठीक आहे, घसाही क्वचितच पिकतो, तर गाठ कितीही मोठी दिसली तरी ती राहू द्यावी.

"टॉन्सिल काढले नाहीत तर हृदयाला धोका" असेही सांगितले जाते. त्यामागे एक सत्य आहे, ते नीट समजून घ्यावे. स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा पिकला आणि उपचार झाला नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. एकामागून एक मोठे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा धोका अधिक. पण त्यावरचा उपाय पेनिसिलिन आहे, ऑपरेशन नव्हे. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बंद करू नका, दहा दिवस पुरे करा. ज्या मुलाला हा ताप एकदा येऊन गेला आहे, त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. कामासाठी गाव सोडले तरी ते चुकवू नये.

पडजीभ दाबून घेणे, बोटाने घशातल्या गाठी फोडणे, राख-मीठ चोळणे हे प्रकार बंद केले पाहिजेत. त्यातून जखम होते, रक्त जाते, जंतू पसरतात. घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. त्याला हात न लावता ताबडतोब रुग्णालयात जावे. घटसर्पापासून बचाव लसीने होतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, मग दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, हे चुकवू नयेत.

ऑपरेशन ठरलेच तर

डॉक्टरांना संकोच न करता विचारा : कोणत्या कारणासाठी काढायचे? टॉन्सिल, अॅडिनॉइड की दोन्ही? सहा महिने थांबलो तर काय होईल? नाकातला औषधी फवारा वापरून पाहता येईल का? एकूण खर्च किती? खरा जाणकार डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. त्रास सौम्य असेल तर काही आठवडे वापरलेल्या फवाऱ्याने अॅडिनॉइडची सूज पुष्कळ मुलांत उतरते. घरातली विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर बंद केला तर औषधाला बळ मिळते.

तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. घरात कोणाला जखमेतून रक्त न थांबण्याचा त्रास आहे का? मुलाचा दात हलतो आहे का? मुलाची टाळू जन्मतः फाटलेली होती का? तशा मुलाची अॅडिनॉइड काढली तर बोलणे नाकातून येऊ शकते. सिकलसेलचीही आठवण ठेवावी. आदिवासींत आणि विदर्भातील आपल्या समाजात हा आजार आढळतो. तिकडचे नातेसंबंध असतील तर भूल देण्यापूर्वी रक्ताची ही तपासणी करून घ्यावी.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन तोंडातूनच करतात. बाहेर टाका पडत नाही. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. भूल देण्याआधी सहा तास पोटात अन्न नको. "उपाशी कसे ठेवू" म्हणून गुपचूप बिस्किट देऊ नये, कारण भुलीत उलटी होऊन ती श्वासात जाऊ शकते. मूल तीन वर्षांहून लहान असेल किंवा श्वास फार अडत असेल, तर एक रात्र रुग्णालयात ठेवण्याचा आग्रह धरावा.

नंतरचे दोन आठवडे

घसा आठ-दहा दिवस चांगलाच दुखतो. कानातही कळ येते. ती घशाचीच असते, कान बिघडलेला नसतो. घशात पांढरा थर दिसतो, तोंडाला वास येतो. हा पू नव्हे, जखमेवरची खपली आहे. पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे आणि वेळेवर द्यावे. मुलांना अॅस्पिरिन नको. कोडीन असलेले औषध तर मुळीच नको. त्याने काही मुलांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच कडक इशारा दिला आहे.

पाणी पाजत राहणे हे आईचे सर्वांत मोठे काम. पेज, मऊ खिचडी, दूध, थंड सरबत, आइस्क्रीमसुद्धा चालते. "थंडाने घसा धरेल" ही भीती इथे ठेवू नये. मूल गिळत राहिले तर घसा लवकर मोकळा होतो.

मुख्य धोका रक्तस्रावाचा. पहिल्या चोवीस तासांत, आणि पुन्हा खपली सुटताना पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. शंभरात साधारण दोन ते पाच मुलांना असा रक्तस्राव होतो. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, मूल झोपेत सारखे गिळू लागले किंवा उलटीत काळपट रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाला फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. म्हणून ऑपरेशननंतर दोन आठवडे लांबचा प्रवास नको, ऊसतोडीला किंवा बाहेरगावच्या लग्नाला जाणे नको. संक्रांतीत येवल्याचे आकाश पतंगांनी भरते. मुलाला गच्चीवरून खाली ठेवणे अवघडच, पण त्या दिवसांत ऑपरेशनची तारीख न घेणे तर आपल्या हातात आहे.

येवल्याहून कुठे जावे?

सुरुवात जवळून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. कानाचा आजार, कमी ऐकू येणे, संधिवाताच्या तापाने बिघडलेले हृदय, हे सारे त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना किंवा शिक्षकांना विचारून ठेवावे आणि त्या दिवशी आपली वही घेऊन हजर राहावे. रांगेत उभ्या मुलाला पथक दोन मिनिटे पाहते. त्या दोन मिनिटांत आईने सांगितलेली "हा झोपेत श्वास थांबवतो" ही एक गोष्ट फार मोलाची ठरते.

येवल्याचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अंदरसूल-नगरसूलकडच्या लोकांना नगरसूलचे ग्रामीण रुग्णालय, इथे पहिली तपासणी करावी. पुढे नाक-कान-घसा तज्ज्ञांसाठी चिठ्ठी घेऊन नाशिकचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठता येते. खाजगी रुग्णालयात जायचे झाल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि हे ऑपरेशन बसते का, हे दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्यावे. आधी सावकार आणि मग चौकशी, असा क्रम होऊ देऊ नये.

काही शंका

*टॉन्सिल काढल्यावर मुलाची प्रतिकारशक्ती जाते का?* जात नाही. शरीरात हे काम करणाऱ्या इतर पुष्कळ गाठी आहेत. पण २०१८ साली डेन्मार्कमधील सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून असे दिसले, की लहानपणी या गाठी काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार काहीसे अधिक आढळतात. ऑपरेशनमुळेच ते झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी कारण नसताना काढू नयेत, एवढा बोध त्यातून घ्यावा.

*आवाज जातो का?* नाही. काही दिवस बदलल्यासारखा वाटतो, मग पूर्ववत होतो.

*गाठी पुन्हा वाढतात का?* टॉन्सिल पूर्ण काढले तर सहसा नाही. अॅडिनॉइड काही थोड्या मुलांत, विशेषतः फार लहान वयात काढली असता, पुन्हा वाढू शकते.

*ऑपरेशननंतरही घोरणे राहिले तर?* पुन्हा तपासणी करून घ्यावी. अंगाने स्थूल मुलांत, नाकाच्या अॅलर्जीत असे घडते.

महिला मंडळाच्या बैठकीत, वस्तीतल्या शिबिरात या विषयावर अर्धा तास जरूर बोलावे. ज्या भगिनीला वाचता येत नाही तिला ही माहिती वाचून दाखवावी. आपल्या गल्लीत एखादे मूल असेल, जे दिवसभर तोंड उघडे ठेवून असते, वर्गात पेंगते किंवा हाकेला ओ देत नाही. त्याच्या आईला इतकेच सांगावे : "बाई, पोराला मारू नको. एकदा त्याचा घसा, नाक आणि कान दाखवून आण."